मला फ्रान्सला यायचं नाही

पत्र पाच-सहा ओळींचं आहे. लिहिणारी मुलगी सात वर्षांची, राहणारी अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची. पत्र जायचं होतं पॅरिसला.

“प्रिय पपा, तुम्हाला भेटायची मला फार ओढ लागली आहे. तुम्ही आणि पॅट्सीताई बरे असाल अशी आशा आहे. तिला माझं प्रेम सांगा, तिलाही भेटावंसं वाटतं म्हणून सांगा. तुम्ही दोघं लवकर इकडे आम्हाला भेटायला या. मला एक बाहुली पाठवाल ना? तुम्ही मला बोलावणं धाडलंत याचं मला फार वाईट वाटतं. मला फ्रान्सला यायचं नाही. त्यापेक्षा मी एप्समावशीकडेच राहीन.”

या पत्रात बाहुली जिथे येते ती जागा मला फार आवडते. आधी ओढ, मग बहिणीची विचारपूस, मग बाहुली, आणि ती मागून झाल्यावर नकार. मोठ्या माणसाने नकार द्यायचं ठरवलं असतं तर बाहुली मागायला त्याची जीभ रेटली नसती. लेकराला त्यात काही वावगं दिसत नाही. तुम्ही मला हवे आहात, बाहुलीही हवी आहे, आणि मी येणार नाही, हे तिन्ही एका दमात सांगून ती मोकळी होते.

ही मुलगी पॉली, म्हणजे मेरी जेफर्सन. तिचे पपा थॉमस जेफर्सन. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा ज्याने लिहिला तो, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तो. पण ऑगस्ट 1784 पासून सप्टेंबर 1789 पर्यंत तो पॅरिसमध्ये होता. आधी फ्रँकलिन आणि ॲडम्स यांच्याबरोबर व्यापारी करारांच्या बोलणीसाठी, आणि 1785 पासून फ्रान्समधला अमेरिकेचा वकील म्हणून. वकील हा शब्द मी जुन्या अर्थाने वापरते आहे, पेशवाईत एका दरबाराचा वकील दुसऱ्या दरबारी राहायचा त्या अर्थाने. तिथे बसून आपल्या मुलखाची बाजू सांभाळायची, कानावर येईल ते घरी लिहून कळवायचं आणि पत्रांची वाट बघायची, हे त्याचं काम.

त्याने लिहिलेली पत्रं जगभर वाचली जातात. आयुष्यभरात त्याने अठरा-एकोणीस हजार पत्रं लिहिली असं मानतात. मला मात्र गेली काही वर्षं नाद लागला आहे तो त्याला आलेल्या पत्रांचा. ती छापली गेली आहेत आणि आता घरबसल्या वाचता येतात. रात्री जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की मी तासभर ती वाचत बसते. स्वतः लिहिलेल्या पत्रात माणूस आपल्याला हवा तसा उभा राहतो. आलेल्या पत्रांत तो दुसऱ्यांच्या तोंडी असतो. कोण त्याच्याकडे काय मागतं, कोण कशावर रुसतं, कोण कुठली गोष्ट त्याला सांगायची टाळतं, हे सगळं तिथे दिसतं.

जेफर्सनने या पत्रांची व्यवस्था फार कसोशीने ठेवली होती. 1783 च्या नोव्हेंबरपासून त्याने एक वही घातली. कुठल्या तारखेला कोणाला पत्र लिहिलं, कुठल्या तारखेला कोणाचं पत्र हाती आलं, याची ती नोंदवही. ती त्याने मरेपर्यंत, म्हणजे 1826 पर्यंत चालवली. जाणाऱ्या पत्राची प्रत ठेवायला त्याच्याकडे दाबयंत्र होतं, वाफेच्या इंजिनासाठी आपण ज्याचं नाव घेतो त्या जेम्स वॅटने शोधलेलं. ताज्या शाईच्या पत्रावर पातळ ओलसर कागद ठेवून दाब द्यायचा, शाई त्या कागदात उतरायची, आणि कागद इतका झिरझिरीत की मागच्या बाजूने अक्षरं सरळ वाचता यायची. येणाऱ्या पत्रावर मिळाल्याची तारीख पडायची. म्हणूनच आज आपल्याला एक गोष्ट अगदी नेमकी कळते. पत्र कधी लिहिलं गेलं, आणि ते त्याच्या हातात कधी पडलं.

या दोन तारखांमधल्या मोकळ्या जागेने मला धरून ठेवलं आहे. त्याला कारण आमच्या घरचं आहे.

माझे बाबा मर्चंट नेव्हीत होते. आम्ही रत्नागिरीजवळ राहायचो. घरून निघालेलं पत्र आधी त्यांच्या कंपनीच्या मुंबईच्या पत्त्यावर जायचं, तिथून थैलीत भरून पुढच्या बंदरातल्या एजंटकडे. बोट तिथे लागली तर पत्र मिळायचं. बोटीचा मार्ग बदलला तर पत्र तिच्या मागून बंदरोबंदर फिरत राहायचं. मी तिसरीत असताना श्रावणात आजी गेली. तार करायची नाही असं मोठ्यांनी ठरवलं, कारण बाबा भर समुद्रात, तार मिळूनही त्यांना येता येणार नव्हतं. काकांनी पत्र लिहिलं. दीड महिन्याने बाबांचं पत्र आलं, पण त्या पत्राचं उत्तर म्हणून नव्हे. ते त्यांनी आधीच टाकलेलं होतं. आई नेहमीसारखी पडवीत बसून मोठ्याने वाचायला लागली. “ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्यांसाठी इथे एक चांगलं मलम मिळालं आहे.” इथवर वाचून तिने कागदाची घडी घातली. कोपऱ्यात आजीची काठी अजून टेकून ठेवलेली होती. बाबांच्या जगात आजी अजून होती, गुडघे दुखत होते तिचे, आणि आम्ही मात्र तिचा महिना घालून बसलो होतो.

म्हणून जेफर्सनच्या वहीतली 26 जानेवारी 1785 ही तारीख मला ओलांडता येत नाही.

त्याची बायको मार्था सप्टेंबर 1782 मध्ये गेली, शेवटच्या बाळंतपणानंतर चार महिन्यांनी. त्या बाळंतपणातली मुलगी ल्यूसी. मागे तीन मुली राहिल्या. पॅरिसला निघताना त्याने थोरलीला, पॅट्सीला, बरोबर घेतलं. पॉली आणि ल्यूसी लहान होत्या, त्यांना त्याने मार्थाच्या सावत्र बहिणीकडे, एलिझाबेथ एप्सकडे, एपिंग्टनला ठेवलं होतं. मुलींची सख्खी म्हणावी अशीच ती मावशी. तिच्याही पदरात पोरं होती, आणि तिच्याही एका मुलीचं नाव ल्यूसीच. ऑक्टोबर 1784 मध्ये त्या घरात डांग्या खोकला शिरला. आठवड्याच्या आत दोन्ही ल्यूसी गेल्या. आधी मावशीची, मग जेफर्सनची. त्याची ल्यूसी अडीच वर्षांचीही झाली नव्हती.

मावशीने 13 ऑक्टोबरला पत्र लिहिलं. स्वतःची लेक नुकती गेलेली, आणि दुसऱ्याच्या लेकीच्या मरणाची बातमी तिच्या बापाला कळवायची. ती लिहिते, या दुःखाचं वर्णन करणं माझ्या मनाच्या शक्तीबाहेरचं आहे. आणि तरी ती सांगते. बाळ आठवडाभर अंथरुणाला खिळून होतं, हाल फार झाले, पण शुद्ध शेवटपर्यंत होती. जायच्या काही क्षण आधी तिने मला हाक मारली आणि स्पष्ट शब्दांत पाणी मागितलं. पॉलीलाही खोकला जोरात झाला होता, ती आता बरी आहे.

स्पष्ट शब्दांत पाणी मागितलं. हे वाक्य लिहायची मावशीला गरज नव्हती. बातमी त्याच्याशिवायही पुरी होत होती. पण तिला ठाऊक होतं की बापाने या लेकराचं बोलणं ऐकलेलंच नाही. तो व्हर्जिनियातून निघाला तेव्हा ल्यूसी जेमतेम दीड वर्षाची होती. तिने उच्चारलेला एक शब्द तरी त्याच्यापर्यंत पोचावा म्हणून मावशीने तो लिहिला असावा, असं मला वाटतं.

हे पत्र जेफर्सनला मिळालं 6 मे 1785 रोजी. जवळजवळ सात महिन्यांनी. बातमी त्याला त्याआधी कळली होती, जानेवारीत. रिचमंडच्या डॉक्टर जेम्स करीने लिहिलेलं पत्र लाफायेत या फ्रेंच सरदाराने अमेरिकेहून परत येताना बरोबर आणलं आणि 26 जानेवारीला ते त्याच्या हाती पडलं. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत, सव्वातीन महिने, तो पॅरिसमध्ये तीन मुलींचा बाप म्हणून वावरत होता. त्या हिवाळ्यात त्याची तब्येतही बरी नव्हती. घरी बसून असायचा.

आमच्याकडे पूर्वी मरणाची बातमी पोस्टकार्डाने कळवताना कार्डाचा कोपरा फाडत. कोपरा नसलेलं कार्ड पोस्टमनच्या हातात दिसलं की बायका दारातच थबकायच्या. ते वाचायचं आणि फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. आजीच्या वेळी काकांनी नातेवाइकांना टाकलेलं एकही कार्ड आज कोणाकडे नसेल, आणि ते तसंच असायला हवं होतं. जेफर्सनने मावशीचं पत्र ठेवलं. बायकोशी झालेला आपला पत्रव्यवहार त्याने नष्ट केला असं मानतात, त्यातलं काही हाती लागत नाही. पण लेकीच्या शेवटच्या शब्दाचं पत्र मात्र त्याच्या कागदांत राहिलं. काय ठेवायचं आणि काय जाळायचं हे माणूस कशावरून ठरवतो, ते दुसऱ्याने सांगू नये.

ते पत्र मिळाल्यावर पाचच दिवसांनी, 11 मेला, तो एपिंग्टनला लिहितो की पॉली मला हवीच.

आता त्याला आलेल्या इतर पत्रांचंही थोडं सांगते, कारण पॉलीची पत्रं ज्या ढिगात येऊन पडत होती तो ढीग डोळ्यांपुढे असायला हवा.

सरकारी टपालावर त्याचा भरवसा नव्हता. फ्रान्स काय नि इंग्लंड काय, परक्या वकिलांची पत्रं टपालात फोडून वाचत. म्हणून महत्त्वाचं पत्र ओळखीच्या प्रवाशाच्या हाती द्यायचं, आणि तरीही नाजूक मजकूर आकड्यांच्या सांकेतिक लिपीत लिहायचा. अमेरिकेहून त्याचा राजकारणातला मित्र जेम्स मॅडिसन अशी पत्रं धाडायचा. त्यात नव्या राज्यघटनेचा ऊहापोह असे, आणि एका पत्रात त्याने स्वतः चिरफाड करून मोजलेल्या एका मुंगसासारख्या प्राण्याच्या अवयवांची मापंही आहेत. अमेरिकेतले प्राणी युरोपातल्यांपेक्षा खुरटे असतात असं बुफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचं मत होतं, आणि ते खोडून काढायचं जेफर्सनने मनावर घेतलं होतं. त्याच पायी न्यू हॅम्पशायरच्या जॉन सुलिव्हनचं पत्र आलं, मूस हरणाबद्दल. खोल बर्फातून वीस मैल रस्ता काढत माणसांनी ते जनावर ओढून आणलं, कातडं नि हाडं पेटीत भरून धाडली आहेत, शिंगं त्याच जनावराची नाहीत पण हवी तशी बसवता येतील. सोबत खर्चाचा आकडा, आणि तो जेफर्सनच्या छातीत धडकी भरवणारा. फ्रान्समधल्या माँपेलिएहून एका विद्यार्थ्याने ‘वेंदेक’ अशा खोट्या नावाने पत्र धाडलं. मी ब्राझीलचा, आमचा देश पोर्तुगालच्या जाचाखाली आहे, तुमच्यासारखं उठायचं आहे, मदत कराल का? जेफर्सन पुढच्या वर्षी दक्षिण फ्रान्सच्या प्रवासात नीमला त्याला गुपचूप भेटला. लेडयार्ड नावाच्या भटक्याची पत्रं सेंट पीटर्सबर्गहून आली, मग कैरोहून, आणि कैरोतच तो गेला.

आणि अल्जीअर्सची पत्रं. जुलै 1785 मध्ये मारिया आणि डॉफिन ही दोन अमेरिकन जहाजं अल्जीअर्सच्या चाच्यांनी धरली आणि एकवीस माणसं गुलामीत नेली. डॉफिनचा कप्तान रिचर्ड ओब्रायन याने ऑगस्टमध्येच जेफर्सनला लिहिलं आणि पुढेही लिहीत राहिला. तिथल्या सत्ताधीशाने, डेने, एकवीस जणांचे 59,496 डॉलर सांगितले. अमेरिकेच्या तिजोरीत तेवढा पैसा नव्हता, आणि एकदा एवढा भाव दिला की पुढची जहाजं सुटणार नाहीत, हे जेफर्सनला दिसत होतं. कैदी सोडवण्याचं काम पिढ्यान् पिढ्या करणाऱ्या मॅथ्युरिन साधूंमार्फत त्याने गुप्तपणे बोलणी लावली. साधूंची अट होती की अमेरिकेला या माणसांची फिकीर नाही असं बाहेर दिसलं पाहिजे, तरच भाव उतरेल. मग तसंच दाखवलं गेलं. खुद्द कैद्यांनाही खरं कळू द्यायचं नव्हतं. आपल्या पत्रांना कोणी विचारत नाही, आपला देश आपल्याला विसरला, असं त्या माणसांना वाटत राहिलं, आणि ते तसं वाटणं हाच डावाचा भाग होता. फ्रेंच क्रांतीत साधूंचा संघच मोडला आणि डाव फुकट गेला. उरलेली माणसं सुटली 1796 मध्ये. अकरा वर्षांनी.

कळूनसवरून उत्तर न द्यायचं पत्र घरात ठेवून माणूस जेवायला कसा बसतो, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, त्याला ते जड गेलंच असणार. पण ज्यांनी ती पत्रं अल्जीअर्सच्या कोठडीत लिहिली त्यांना त्याचं काय?

या सगळ्या ढिगात पॉलीची चिठ्ठी. ती मे महिन्याच्या बोलावण्याचं उत्तर म्हणून सप्टेंबर 1785 च्या मध्यावर लिहिली गेली असं संपादक धरतात. आणि 20 सप्टेंबरला इकडे पॅरिसमध्ये जेफर्सन तिला लिहीत होता की, पॉली, मी फ्रान्सला आल्यापासून तुझं एकही पत्र मला मिळालेलं नाही. तू इथे ये. तुला हार्प्सिकॉर्ड वाजवायला शिकवू, चित्रं काढायला, नाचायला, फ्रेंच बोलायला शिकवू. हव्या तितक्या बाहुल्या आणि खेळणी मिळतील. म्हणजे बाहुली मागणारं पत्र आणि बाहुल्या देऊ करणारं पत्र, दोन्ही एकाच सुमाराला दोन टोकांहून निघाली. समुद्रात कुठेतरी ती एकमेकांना ओलांडून गेली असतील.

त्याच पत्रात पुढे त्याने उपदेशही केला आहे. उन्हात टोपी घातल्याशिवाय जाऊ नकोस, त्याने तू फार कुरूप होशील, आणि मग आमचं तुझ्यावर तितकं प्रेम राहणार नाही. हे वाचताना मी दर वेळी अडते. आई गेलेल्या सात वर्षांच्या मुलीला हे लिहायचं नव्हतं. काळ तसा होता हे मला कळतं, तरीही लिहायचं नव्हतं.

तिने पुन्हा लिहिलं. “प्रिय पपा, तुम्हाला भेटून मला फार आनंद होईल, पण मी फ्रान्सला येऊ शकत नाही.” आणि आणखी एकदा, तुम्ही आणि पॅट्सीताईच एप्सकाकांच्या घरी या. दोन वर्षं ती एका शब्दाने ढळली नाही. मावशीनेही कळवलं की तिचं मन वळवायला सगळ्या युक्त्या करून झाल्या. तिला जेवढ्या चांगल्या गोष्टी कबूल केल्या आहेत तेवढ्यासाठी माझी मुलं तिच्या जागी आनंदाने जातील, पण ही ऐकत नाही.

जेफर्सनने जहाज कसं असावं याच्याही सूचना धाडल्या होत्या. एप्रिल ते जुलैमध्येच निघावं. जहाजाने एक तरी फेरी केलेली असावी, पण ते चार-पाच वर्षांहून जुनं नसावं. जहाजं बुडतात ती पहिल्या फेरीत नाहीतर म्हातारपणी, असा त्याचा हिशेब. सोबत एखादी सावध बाई द्यावी, जिला देवी येऊन गेल्या आहेत अशी, आणि त्याने इझाबेल या गुलाम बाईचं नाव सुचवलं होतं. एक मूल गेल्यावर दुसऱ्यासाठी बाप किती बारीक विचार करतो ते यात दिसतं. पण स्वतः पॉलीला काय वाटतं, तेवढं या यादीत बसलं नाही.

मे 1787 मध्ये तिला रॉबर्ट नावाच्या जहाजावर चढवलं गेलं ते फसवून. मावसभावंडं तिच्याबरोबर जहाजावर एक-दोन दिवस खेळत राहिली, ती खेळून दमून झोपली, मग भावंडं उतरली आणि जहाज सुटलं. त्या घराण्यात ही आठवण सांगत आले आहेत. आमच्याकडेही बाबा निघायचे ते पहाटे, मी झोपेत असताना. उठल्यावर पाय आपटत दारापर्यंत जायची मी. पण मी माझ्या अंगणात असायची. पॉली जागी झाली तेव्हा चहूकडे पाणी होतं.

26 जूनला जहाज लंडनला लागलं. तिथे इंग्लंडमधला अमेरिकेचा वकील जॉन ॲडम्स राहत होता, आणि त्याची बायको ॲबिगेल. त्याच दिवसापासून ॲबिगेलची पत्रं पॅरिसला सुरू झाली, आणि माझ्या मते जेफर्सनला पाच वर्षांत आलेल्या पत्रांत यांच्या तोडीची दुसरी नाहीत. जेफर्सनला न आवडणाऱ्या गोष्टीही ती सरळ लिहिते. पाच आठवडे समुद्रावर काढलेली पॉली कप्तान रॅमसेला इतकी चिकटली होती की त्याला सोडताना रडून आकांत केला. तिला करमणुकीला नेण्याचं आमिष दाखवलं तर म्हणाली, जगातल्या सगळ्या गमतींपेक्षा मला कप्तान रॅमसे एक क्षण दिसले तरी पुरे. ॲबिगेलने तिला वडिलांचं चित्र दाखवलं. पॉली म्हणाली, मला हे ओळखू येत नाही. येईल कसं, मी त्यांनाच ओळखणार नाही. बापाला तिने शेवटचं पाहिलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. आता नववं संपत आलं होतं.

पोरीला घ्यायला बाप स्वतः येईल असं ॲबिगेलने धरलं होतं. तो आला नाही. त्याने आपल्या घरचा कारभारी पेती याला धाडलं. कारण काय लिहिलं? तो नुकताच दक्षिण फ्रान्सच्या साडेतीन महिन्यांच्या प्रवासाहून परतला होता, आणि तीन-चार महिन्यांचं तुंबलेलं काम एकदम अंगावर आलं होतं. वकिलाचं काम म्हणजे मुख्यतः पत्रं. त्या टेबलावरच्या ढिगाने त्याला लंडनला जाऊ दिलं नाही.

ॲबिगेलने पॉलीचे शब्द जसेच्या तसे कळवले, आणि हे तिचेच शब्द आहेत असंही बजावलं. मी माझी सगळी माणसं सोडून समुद्र ओलांडून त्यांना भेटायला आले, तर त्यांनी मला न्यायला स्वतः यायची तसदी घ्यायला हवी होती, जो बोलतो ते मला कळत नाही असा माणूस पाठवायला नको होता. पेतीला इंग्रजी येत नव्हतं. हे वाक्य जेफर्सनच्या हाती पडलं, त्याने वाचलं, नोंदलं, जपून ठेवलं. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि असणार तरी काय.

ॲबिगेलच्या याच पत्रांत आणखी एक मुलगी आहे. इझाबेल येऊ शकली नाही, म्हणून पॉलीबरोबर पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी आली आहे, असं ती लिहिते. तुमच्याकडे असलेल्या नोकराची बहीण. ती स्वतःच पोर आहे, आणि कप्तानाचं मत आहे की तिला परत नेलेलं बरं. नाव लिहिलेलं नाही. ती सॅली हेमिंग्ज, चौदा वर्षांची. पॉलीच्या आजोबांचीच ती मुलगी होती असं मानतात, म्हणजे नात्याने पॉलीची मावशी, आणि कायद्याने जेफर्सनची मालमत्ता. तिलाही तिच्या घरातून उचलून त्याच जहाजावर बसवलं होतं. तिला कोणी बाहुली कबूल केली नाही. मला यायचं नाही असं तिनेही म्हटलं असेल का, हे विचारायला जागा नाही, कारण हजारो पत्रांच्या त्या संग्रहात सॅलीच्या हातचा एक कागद नाही. पुढे तिच्या पोटी जी मुलं झाली त्यांचा बाप जेफर्सन होता, हे तिच्या मुलाने, मॅडिसन हेमिंग्जने, 1873 मध्ये सांगून ठेवलं, आणि आज बहुतेक इतिहासकार ते मानतात. अल्जीअर्सच्या गुलामांसाठी साधूंकडे खेपा घालणारा माणूस आणि हा माणूस एकच आहे. आलेली पत्रं वाचताना न आलेल्यांचीही मोजदाद मनात ठेवावी लागते, आणि ती मी या मुलीपासून सुरू करते.

15 जुलै 1787 ला पॉली पॅरिसला पोचली. बहिणीला ती साफ विसरली होती, वडिलांना पाहून थोडंसं काही आठवल्यासारखं वाटलं. रस्त्यात अचानक दिसली असती तर आम्हीही हिला ओळखलं नसतं, असं जेफर्सनने मावशीला कळवलं. पॅट्सी शिकत होती त्याच कॉन्व्हेंट शाळेत तिला घातलं. दोन वर्षांनी, सप्टेंबर 1789 मध्ये, सगळे पॅरिस सोडून निघाले.

पुढे ती मावशीच्याच घरात गेली. 1797 मध्ये तिचं लग्न झालं जॉन एप्सशी, एलिझाबेथमावशीच्या मुलाशी. कदाचित जहाजावर तिच्याशी खेळणाऱ्या भावंडांतला तो एक असेल. 1804 च्या एप्रिलमध्ये बाळंतपणाच्या दुखण्याने ती गेली. पंचवीस वर्षांची होती. जेफर्सन तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता, आणि ॲडम्स कुटुंबाशी राजकारणापायी त्याचं बोलणं कधीचं तुटलेलं होतं. तरी मे महिन्यात ॲबिगेलचं पत्र आलं. तिने लिहिलं, लंडनला ती मला सोडून निघाली तो प्रसंग आठवला. गळ्याला मिठी मारून, माझी छाती आसवांनी भिजवत ती म्हणाली होती, आता कुठे मी तुमच्यावर प्रेम करायला शिकले, तर मला तुमच्यापासून का तोडतात?

सतरा वर्षं ॲबिगेलने ते वाक्य जपून ठेवलं होतं. 1787 मध्ये बापाला पत्रं लिहिताना तिने पॉलीचं कितीतरी बोलणं कळवलं. हे मात्र तिने पॉली गेल्यावर दिलं.

पॅरिसमधलाच एक प्रसंग आहे, तो सांगायचा राहिला. पॉली तिथे रुळली होती, फ्रेंच बोलायला लागली होती. एक दिवस टपालात वडिलांच्या पत्रांबरोबर तिच्या नावाचं पत्र आलं, एप्समावशीचं. जेफर्सन समोरच होता. त्याने नंतर मावशीला लिहिलं, ते पत्र तिच्या हाती पडलं तेव्हा तुम्ही इथे असायला हव्या होतात. ती लाल झाली, पांढरी पडली, पुन्हा लाल झाली. आनंदाने तिची अशी धांदल उडाली की पत्र उघडताही येईना.